दारावर न चिकटवलेलं पत्र

पिंप्राळा, जळगाव
रविवार, १९ जानेवारी १९९७

तीर्थरूप झुलाल नाना यांच्या चरणी धाकट्या पंडितचा साष्टांग नमस्कार.

सगळ्यात आधी एक खुलासा करतो. हे पत्र टपालाने येत आहे. पोस्टमन ते तुमच्या हातात देईल किंवा दाराच्या फटीतून आत सारेल. ते दारावर कुणी चिकटवलेलं नाही आणि त्यावर पंच म्हणून कुणाच्या सह्या नाहीत. तेव्हा अक्षर माझं आहे एवढ्यावरून ते न फोडता चुलीत घालू नये, ही हात जोडून विनंती. (मागच्या दिवाळीच्या पत्राचं तसंच झालं, असं ऐकून आहे. कुणी सांगितलं ते विचारू नका, वहिनींना बोलणी बसतील.)

तुमचा उजवा गुडघा, द्रौपदावहिनींचा खोकला आणि गिरणीचा पट्टा, या तिघांची प्रकृती कशी आहे ते कळवावं. तुम्ही कळवणार नाही हे मला माहीत आहे. चार वर्षं आपण एकमेकांशी बोललेलो नाही, म्हणून आपलं मीच धुळ्याहून येणाऱ्या माणसाला स्टँडवर गाठतो आणि गिरणी चालू होती का, एवढं विचारून घेतो. चालू होती म्हटलं की त्या दिवशी मला दोन भाकरी जास्त जातात. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. आमच्या सौ. सुंदरबाईचा रक्तदाब गोळीच्या धाकात आहे. मी ऑगस्टात कोर्टातून रिटायर झालो. एकतीस वर्षं बेलिफ म्हणून दारोदार समन्स बजावत फिरलो, त्यामुळे आता कुणाकडे नुसतं बसायला गेलो तरी घरातली माणसं आधी माझ्या हाताकडे बघतात. आणि नाना, मी टीव्हीवर आलो.

दचकू नका, मुंबईच्या टीव्हीवर नाही. आमच्या कॉलनीत रुपचंद नावाचा एक पोरगेलासा केबलवाला आहे. गच्चीवर छत्री, खांबाखांबावरून वायरी, आणि रात्री लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी लावून मधेमधे साड्यांच्या दुकानाच्या जाहिराती, असा त्याचा धंदा. त्याच्या डोक्यात दिवाळीनंतर एक खूळ शिरलं. चार अनोळखी माणसं एका घरात सहा दिवस कोंडायची, स्वयंपाकपाणी त्यांचं त्यांनी करायचं, फाटकाबाहेर पाय टाकायचा नाही, आणि हा लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा तिपाईवर लावून सगळं टिपणार व रोज रात्री केबलवर दाखवणार. ज्याला सहन होईना त्याने निघून जावं. शेवटी जो उरेल त्याला एक मोठा डेझर्ट कूलर. मी म्हटलं, लोक काय आपल्या घरची भांडणं कमी बघतात की ती बघायला टीव्ही लावतील? तर तो म्हणे काका, स्वतःच्या घरचं भांडण माणसाला बघायला मिळत नाही, कारण तो त्यात असतो. मुलगा हुशार आहे. (आणि कूलरही खरोखर चांगला होता. आमच्या पिंप्राळ्याचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे.)

तर ४ जानेवारीला आम्ही चौघं एका नव्या, रंगाचा वास येणाऱ्या रो हाऊसमध्ये शिरलो. माझ्याखेरीज तिघांची ओळख करून देतो. सावद्याच्या शेवंताबाई, घरी केळीच्या बागा, बोलायला सडेतोड. माणसाकडे बघतानाही घड पारखून घेतल्यासारख्या बघतात. भडगावच्या प्रमिलाबाई, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. आल्या आल्या सगळ्यांना शांतपणे जयभीम केला, खिडक्या उघडल्या आणि पिण्याचं पाणी उकळायला ठेवलं. तिसरा मोतीलाल. हा तुमच्या धुळ्याचा, तेलाच्या घाण्यावर मुकादम होता, मिशा मोठ्या आणि आवाज त्याहून मोठा. याचा भाचा तिकडे धुळ्यात केबल चालवतो आणि इकडच्या कॅसेटी तिकडे दाखवतो, त्या ओळखीने हा आला. भाच्याचं नाव लक्षात ठेवायची गरज नाही, पण भाचा आहे हे लक्षात ठेवा.

पहिले दोन दिवस इतके सुरळीत गेले की रुपचंद रडकुंडीला आला. आम्ही चौघंही खानदेशातली माणसं, दुसऱ्याच्या ताटात वाढल्याशिवाय आपल्या ताटात घेणार नाही. ‘घ्या ना’, ‘नको, तुम्ही घ्या’ यातच एकेक कॅसेट संपायची. आंघोळीला आधी कोण जाणार यावर भांडण होईल अशी त्याची आशा होती, तर सगळे एकमेकांना आधी पाठवता पाठवता अकरा वाजेपर्यंत कुणीच आंघोळ करेना. शेवटी त्याने हात जोडले, थोडं भांडा हो. आम्ही प्रयत्न केला. मी मोतीलालला म्हणालो, तुमच्या घोरण्याने माझी झोप झाली नाही. तो म्हणाला माफ करा भाऊ, आणि आपली उशी मला दिली. रुपचंदने कपाळावर हात मारला.

तिसऱ्या दिवशी मात्र भरीत झालं. रुपचंदने हिरवी लांबोडकी वांगी आणि कपाशीच्या काड्यांचा भारा आणून टाकला. अंगणात वांगी भाजली, शेवंताबाईंनी सावद्याहून आणलेली खोलगट लाकडी बडगी पुढ्यात ओढली आणि मिरच्या-लसूण घालून असं भरीत ठेचलं की वासानेच शेजारची पोरं कुंपणावर चढली. त्या हात धुवायला गेल्या. तेवढ्यात मोतीलालने त्यात टमाटे चिरून टाकले. चार टमाटे, नाना. मी शपथेवर सांगतो. शेवंताबाई परत आल्या, बडगीत डोकावल्या. मग म्हणाल्या, “हे काही भरीत नाही भो. हे तं पातळभाजी झाली.” मोतीलालनेही आवाज चढवला, “काय व्हई ऱ्हायनं त्यामा? मना घर असंच व्हस.” त्यावरून सावद्याचं आणि धुळ्याचं जे जुंपलं ते ऐकून रुपचंद कॅमेऱ्यामागे आनंदाने एका पायावर नाचत होता.

इथपर्यंत ते भांडण जेवणापुरतंच होतं. चार घास पोटात गेले असते तर मिटलंही असतं. पण मी मधे पडलो. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे, काही वादग्रस्त दिसलं की माझा हात खिशातल्या पेनाकडे जातो. मी कागद घेतला आणि त्या भरिताचा रीतसर पंचनामा केला. ‘आज रोजी सकाळी साडेअकरा वाजता मौजे पिंप्राळा येथील स्वयंपाकघरात बडगीची पाहणी केली असता तीत लाल रंगाचे तुकडे, अंदाजे चार टमाट्यांचे, मिळून आले. मोतीलाल यांस विचारणा केली असता त्यांनी समाधानकारक खुलासा केला नाही.’ पंच म्हणून शेवंताबाईंनी सही ठोकली. प्रमिलाबाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि पेन परत दिलं. एवढ्यावर थांबावं की नाही? पण नाही. मी भाताची चार शितं घेतली आणि तो कागद स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवून दिला. आम्ही तिघं हसलो. (खरं म्हणजे दोघं. प्रमिलाबाई हसल्या नाहीत.)

मोतीलाल दारासमोर उभा राहून तो कागद वाचत होता. सावकाश, बोट फिरवून. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले आणि मिशा खाली आल्या. नाना, एकतीस वर्षं मी दारांवर कागद चिकटवले, पण चिकटवला की पुढच्या घरी निघालो. घरचा माणूस परत येऊन तो वाचताना कसा दिसतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तुमचा चेहरा मला त्या दिवशी दिसला नव्हता. तो इथे दिसला.

त्यानंतर घराचे तुकडे पडले. मोतीलालने वळकटी उचलून बाहेरच्या ओट्यावर टाकली. शेवंताबाईंनी आपली चूल अंगणात मांडली. मी आपला पोहे भिजवून खाऊ लागलो. चार माणसं, चार वेळा स्वयंपाक, आणि मधे प्रमिलाबाई प्रत्येकाला वेगवेगळं पाणी उकळून देतायत. रुपचंद म्हणाला, बघणारे दुप्पट झालेत. त्याने वाण्याच्या दुकानात एक डबा ठेवला होता, त्यात लोकांनी चिठ्ठ्या टाकायच्या, कुणी निघून जावं म्हणून. माझ्या नावाच्या एकशे बारा निघाल्या. मी चकित झालो, तर तो म्हणे काका, अक्षरं बघा, एकतीस वर्षांत ज्यांना ज्यांना समन्स दिलं ते सगळे एकत्र आलेत.

पाचव्या दिवशी संध्याकाळी सातला लाईट गेली. थंडीचे दिवस, बाहेरही गुडुप अंधार. रुपचंद लाईट का गेली ते बघायला पळाला. त्याने घरात सगळं भरलं होतं, फक्त मेणबत्ती ठेवायला विसरला होता. आम्ही चौघं चाचपडत चाचपडत मधल्या खोलीत आलो. काडेपेटी एकट्या मोतीलालकडे, बिडीसाठी. जेवण शेवंताबाईंकडे, कारण बाकीच्यांचं अजून चुलीवर चढायचं होतं. ताटं प्रमिलाबाईंना ठाऊक. माझ्याकडे काहीच नव्हतं. तेव्हा मोतीलाल एकेक काडी ओढायचा, तेवढ्या उजेडात शेवंताबाई वाढायच्या, काडी विझली की आम्ही जेवायचो. चार दिवस कॅमेऱ्यासमोर पाठीचा कणा ताठ ठेवून बसलेली माणसं, आता लाईट गेली म्हणजे कॅमेराही गेला म्हणून भिंतीला टेकली. कोपऱ्यात एक लाल ठिपका दिसत होता. ती डासांची अगरबत्ती, असं मी समजलो.

तेवढ्यात त्या अंधारात शेवंताबाई, जरा मऊ आवाजात, म्हणाल्या, भो, टमाटा टाकायचं तुला शिकवलं तरी कोणी? मोतीलालने ताट बाजूला सरकवल्याचा आवाज आला. मग बोलला तो आवाज मी त्याच्याकडून पहिल्यांदाच ऐकला. त्याची बायको दोन वर्षांमागे गेली. आजारपणात शेवटचा महिना ती खाटेवरून सांगायची आणि हा चुलीशी बसून करायचा. तेवढाच स्वयंपाक त्याला येतो. “ती टाके,” तो म्हणाला. “आते मी टाकस.” एवढंच. काडी ओढलेली नव्हती, म्हणून कुणी कुणाचं तोंड पाहिलं नाही. शेवंताबाईंनी हात पुढे करून चाचपडत त्याचं ताट शोधलं आणि वाढलं. मग म्हणाल्या, वांगी उरली आहेत, उद्या तू टाक तुझे टमाटे, मी खाईन.

आता मला राहवेना. मी म्हटलं, मोतीलाल, तो पंचनामा माझा मूर्खपणा होता, मला माफ करा. तो म्हणाला जाऊ द्या भाऊ. पण एकदा तोंड उघडलं ते मिटेना, आणि तुमची हकीकत बाहेर पडली. तुम्हाला ती माहीत आहे, पण तुमच्या बाजूने. माझ्या बाजूने अशी. आमच्या शोभाच्या लग्नाचं पहिलं निमंत्रण तुम्हाला द्यायचं म्हणून मी पत्रिका, हळदीकुंकू, अक्षता घेऊन धुळ्याला आलो. त्याच दिवशी कोर्टाचं एक कामही तिकडे होतं, म्हणून खांद्याला तीच पिशवी, तीत खळीचा डबा आणि ब्रश. तुमच्या दाराला कुलूप. शेजारी म्हणाले संध्याकाळी येतील. माझी परतीची गाडी चारची. नाना, मी विचार केलाच नाही. हात आपोआप चालले. खळ लावली, पत्रिका दारावर चिकटवली, गल्लीतल्या दोघांना बोलावून खाली त्यांच्या सह्या घेतल्या, वेळ टाकली आणि अक्षता उंबऱ्यावर ठेवून निघालो. (त्या चिमण्यांनी खाल्ल्या असणार.) गाडी पारोळ्याला पोचेपर्यंत मला काही चुकलं असं वाटलंही नाही.

मागे काय झालं ते मला नंतर कळलं. बेलिफ येऊन कागद लावून गेला, सह्या घेऊन गेला, म्हणजे झुलाल नानांच्या गिरणीवर जप्ती आली, असं गल्लीने धरलं आणि बायका आपापले दळणाचे डबे सोडवायला गिरणीवर धावल्या. तुम्ही घरी आलात तर दारापुढे ही गर्दी, आणि दारावर सख्ख्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका, खळीने ओली. तीस वर्षं ज्या गल्लीत मान खाली घातली नाही तिथे तुम्ही दोन दिवस गिरणी उघडली नाहीत. लग्नाला आला नाहीत. आणि मी काय केलं? मी ज्याला त्याला सांगत सुटलो, बजावणी कायदेशीर झालेली आहे, न येणं हा त्यांचा दोष. मांडवात पहिल्या रांगेत तुमच्यासाठी एक खुर्ची राखली होती. मंगलाष्टकं चालू असताना मी मुलीकडे बघत नव्हतो, त्या खुर्चीकडे बघत होतो. कुणी बसायला आलं तर मी उठवत होतो. हे सांगताना मला रडू आलं. चांगलं हुंदक्यांनी आलं.

प्रमिलाबाईंनी विचारलं, मग माफी मागितली का? मी म्हटलं, तशी वेळच आली नाही. त्या म्हणाल्या, “भाऊ, चार वर्षं दुखणं अंगावर काढताय. असं करू नये.” मी पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या नर्सशी काय वाद घालणार? उठलो, चाचपडत स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो आणि तो कागद नखाने खरवडून काढला. भाताची शितं फार घट्ट बसतात, एक कोपरा अजून त्या दारावर आहे.

आठ वाजता लाईट आली, आणि कळलं की तो लाल ठिपका अगरबत्ती नव्हती. कॅमेऱ्यात बॅटरी असते, नाना. लाईट गेली तरी तो चालू राहतो. रुपचंदने कॅसेट लावून बघितली, तर चित्र सगळं काळं. मधेच काडी पेटते तेवढ्यापुरत्या मोतीलालच्या मिशा दिसतात, पुन्हा काळं. पण आवाज मात्र स्वच्छ, हुंदक्यांसकट. त्याने आमचे पाय धरले, हेच सगळं उजेडात परत एकदा करा म्हणाला. आम्ही बसलो. मोतीलालने कॅमेऱ्याकडे बघून एवढ्या मोठ्याने उसासा टाकला की शेवंताबाईंना हसू आलं, हसल्या म्हणून तो चिडला, आणि दोन मिनिटांत आम्ही पुन्हा टमाट्यावर आलो. शेवटी त्याने ती काळी कॅसेटच लावली. कॉलनीत म्हणे आधी सगळ्यांनी आपापल्या टीव्हीला थापा मारल्या, मग वायरी हलवल्या, आणि मग ऐकत बसले.

सहाव्या दिवशी सकाळी चौघांनी टमाट्याचं भरीत खाल्लं. (वाईट नव्हतं. शेवंताबाईंना सांगू नका.) शेवटी उरेल त्याला कूलर, पण उरायचं कुणालाच नव्हतं आणि आधी जायचंही नव्हतं. तेव्हा प्रमिलाबाईंनी एक, दोन, तीन म्हटलं आणि आम्ही फाटकातून एकदमच बाहेर पडलो. कूलर रुपचंदकडेच आहे.

वहिनींना नमस्कार सांगावा.

आपला धाकटा भाऊ,
पंडित

ता. क. आता पत्र लिहिण्याचं खरं कारण. मोतीलाल ती काळी कॅसेट घेऊन धुळ्याला गेला आहे आणि त्याचा भाचा ती येत्या शनिवारी, २५ तारखेला, संध्याकाळी तुमच्या भागात दाखवणार आहे. इकडे माझं जे हसं झालं ते पुरे. मोतीलाल तुमच्या गिरणीवरच दळण आणतो असं बोलता बोलता कळलं. तुमचा शब्द तो मोडणार नाही. कृपा करून त्याला अडवावं आणि कॅसेट ताब्यात घ्यावी.

ता. क. (दुसरा) ताब्यात घेतलीत तर पुसण्याआधी एकदा स्वतः लावून बघावी. वहिनींना शेजारी बसवावं. टीव्ही बिघडला असं समजून थापा मारू नयेत, चित्र काळंच आहे. आवाज तुम्ही ओळखाल. आणि बघून झाल्यावर गल्लीला दाखवावीशी वाटली तर माझी हरकत नाही. जप्तीचं ज्या गल्लीने ऐकलं, तिने हेही ऐकावं.

ता. क. (तिसरा) आमच्या धाकट्याचं, यादवचं, लग्न वैशाखात ठरलं आहे. पत्रिका अजून छापायला टाकलेली नाही, निमंत्रकांत पहिलं नाव तुमचं घालायचं आहे आणि ते तुम्हाला विचारल्याशिवाय घालणार नाही. रविवारी, २६ तारखेला, मी आणि सुंदरबाई पहिल्या गाडीने निघतो, हळदीकुंकू आणि अक्षता घेऊन. अकराच्या सुमारास पोचू. दार उघडं असलं तर आत येऊ. कुलूप असलं तर ओट्यावर बसून राहू, तुम्ही येईपर्यंत, गाडी चुकली तरी. खळीचा डबा मी घरीच ठेवून येतो आहे.